सिलिॲक मुलीला घेऊन इटली-स्वित्झर्लंड ग्रुप टूर, जमेल का?

कोथरूडची_आई:
नमस्कार, माझ्या ११ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी सिलिॲक निघालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. घरी आता सगळं बसलंय, घरघंटी घेतलीय, ज्वारी-नाचणी घरीच दळते कारण गिरणीत आधी कुणाचे गहू दळलेत काय सांगता येतं. मे महिन्यात पुण्यातूनच निघणारी टूर बुक केलीय. टूरवाले म्हणाले ताई काळजी करू नका, रोज रात्री इंडियन जेवण आहे, भात-आमटी मिळेल. पण मागे एका लग्नात नुसता वरणभात खाऊन ती दोन दिवस उलट्या करत होती, नंतर कळलं हिंगात मैदा होता. आणि इटलीत तर सगळा पास्ता-पिझ्झाच! जावं की पैसे परत मागावे?

औंधकर_भटकी:
जा ताई. मला स्वतःला सिलिॲक आहे, इटलीत दोनदा जाऊन आले. भीती बरोबर आहे पण ती इटलीची नको, त्या रात्रीच्या इंडियन जेवणाची धरा. ग्रुपसाठी बुफे लावलेला असतो, फोडणीत तोच डबीतला हिंग, ग्रेव्ही दाट करायला मैदा, नानच्या हाताने भाताचा डाव, आणि विचारलं की सांगतात गहू नाही, कारण त्यांच्या लेखी गहू म्हणजे पोळी. उलट इटलीत २००५ पासून सिलिॲकसाठी वेगळा कायदा आहे, तिथल्या पेशंटला ग्लूटेन-फ्री खाण्यासाठी सरकार दरमहा मदत देतं, त्यामुळे वेटरला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फ्लॉरेन्सला मी पिझ्झा मागितला तर वेटर स्वतःहून म्हणाला ओव्हन एकच आहे तुम्ही घेऊ नका, आणि रिसोत्तो, म्हणजे त्यांचा भाताचा पदार्थ, करून आणला. मला तिथेच रडू आलं खरं सांगते. तिथल्या सिलिॲक असोसिएशनची हॉटेलांची यादी आहे ती आधीच बघून ठेवा. "सेन्त्सा ग्लूतिने" म्हणायचं, म्हणजे ग्लूटेन-फ्री, आणि पास्ता वेगळ्या पाण्यात उकडता का हे विचारायचंच. आइस्क्रीम कपात, कोन नाही, आणि नव्या डब्यातलं मागायचं.

सुहास_बाणेर:
माझ्या आत्याला गहू सोसत नाही पण खपली चालते. खपलीच्या पोळ्या करून न्या की, टिकतात पण.

औंधकर_भटकी:
सुहासदादा, आत्याचं वेगळं असेल पण सिलिॲकला खपली अजिबात नाही, तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहेच. इटलीत त्याला फार्रो म्हणतात, सूपमध्ये सॅलडमध्ये असतो, म्हणून ताई हा शब्द लिहून ठेवा. ओर्झो म्हणजे जव, तेही नको.

दोन_मुलांचा_बाबा:
माझा मुलगा सिलिॲक आहे, आम्ही व्हेज. विमानात एक घोळ होतो तो सांगतो. ग्लूटेन-फ्री जेवणाचा कोड जीएफएमएल, पण त्यात नॉनव्हेज येऊ शकतं, आणि बहुतेक ठिकाणी एकाच कोडचं जेवण मागता येतं. आम्ही ते मागवतोच पण त्याच्या भरवशावर बसत नाही, हँडबॅगेत राजगिऱ्याचे लाडू, घरचा चिवडा, कडक भाकरी, थोडक्यात उपासाला आणि प्रवासाला जे नेतो तेच. तूप-पेढे-पनीर मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र जवळ ठेवा. पॅकेटवर युरोपात गहू-जव ठळक अक्षरांत छापावेच लागतात, तेव्हा वाचायला सोपं. कधी ग्लूटेन-फ्री ब्रेडवर गव्हाचा स्टार्च दिसेल, घाबरू नका, ग्लूटेन काढून टाकलेला असतो, किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा त्यालाही आहेच. फक्त गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांना तो चालत नाही.

कोथरूडची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आत्ताच टूर मॅनेजरला फोन करून हिंगाचं विचारलं, तर म्हणाला, "पोळी वाढायची नाही असं सांगून ठेवतो." मग काय ते कळलं. रात्रीचं ते जेवण तिच्यापुरतं सोडायचं ठरवलंय, हॉटेलांना विचारून छोटा राइस कुकर नेते आणि दुपारी यादीतल्या ठिकाणी खाऊ. ती सकाळपासून सेन्त्सा ग्लूतिने पाठ करतेय. भातावर मेतकूट नेलं तर चालेल ना?

दोन_मुलांचा_बाबा:
विकतचं नको! मेतकुटात गहू असतो, वर हिंग. गहू वगळून घरीच करा, आणि हिंग तांदळाच्या पिठातला मिळतो तो डबीवर वाचून घ्या.