पूररेषेतली घरं हलवा म्हणता, पण माणसं कुठे नेणार?

मुठाकाठची
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "पूररेषेत राहतात, मग बुडणारच. एकदाच काय ते उचला सगळ्यांना." तिथे वाद वाढवला नाही. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

25 जुलै 2024. पुण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, रात्रीतून वाढत 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटाच्या) वर गेला. सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, लष्कर आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी पाण्यातून बाहेर काढताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. "गाडीसाठी जीव कशाला घालवायचा," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अहो, ती गाडी हेच त्यांचं दुकान. ती वाहून गेली तर दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटणार?

आमचं घर पानशेत धरण फुटून आलेल्या पुरातल्या पूरग्रस्तांचं. 12 जुलै 1961 ला आजोबांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड गेलं, उरली फक्त अंगावरची कपडे आणि एक पितळी तपेली. पुढे सहकारनगरला जागा मिळाली. लोकमान्यनगर, गोखलेनगर इथेही पूरग्रस्तांची सोय झाली. आजोबा सायकलवरून पेठेतल्या त्याच छापखान्यात जात राहिले, वडिलांची शाळा सुटली नाही. आम्हाला कुणी अतिक्रमण म्हटलं नाही. हाच न्याय आज दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या माणसाला लावा, कामाजवळ घर द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

विसर्ग_निवृत्त
ताई, मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं मिळून 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी, त्यातलं खडकवासल्यात मावतं जेमतेम 2. वर पाऊस कोसळला की खडकवासला धरून ठेवूच शकत नाही, सोडावंच लागतं. पूररेषा दोन असतात: निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाच्या. आणि हे हिशेब जुन्या पावसावर मांडलेले आहेत. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस 1950 ते 2015 मध्ये तिपटीने वाढला. म्हणजे निळ्या रेषेतलं घर आज कालच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

1961 च्या पुण्यात मोकळं रान होतं. आज कामाजवळच जागा मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर मधल्या एखाद्या रात्री काय होईल याची जबाबदारी कोण घेणार? लांब असलं तरी कोरडं घर आधी द्या. माणूस जिवंत राहिला तर काम पुन्हा शोधता येतं.

कोथरूडची_टेकडी
काकांशी सहमत. शिवाय फुकट घरं दिली की भाड्याने लावून लोक पुन्हा नदीत येतात, हे आपण पाहिलेलं आहे. कर भरणाऱ्यांनी हे किती वेळा करायचं?

मुठाकाठची
परत का येतात, हे त्यांना कधी विचारलंत का? लोकांच्या घरची भांडी, मंडईतली हमाली, कचरावेचकांचं काम, सगळं मध्य पुण्यात. हडपसरच्या पलीकडे घर मिळालं तर सकाळी सहाचं काम सुटतं. तिथे राहून उपाशी मरण्यापेक्षा लोक इथे बुडायचा धोका पत्करतात.

आणि काका, आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव घ्या. 30 जुलै 2014 ला डोंगर खचून 151 माणसं गाडली गेली. उरलेल्यांसाठी नवं गाव जवळच आमड्याला वसवलं, कारण शेतं तिथे होती. शेतकऱ्याचं शेत जवळ हवं हे आपल्याला लगेच पटतं. कामवालीचं काम जवळ हवं हे का पटत नाही?

ओढ्याशेजारी
मी नेहमी नुसतं वाचते, आज लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

25 सप्टेंबर 2019 ला मी आंबील ओढ्याच्या कडेला भाड्याने राहत होते. काका, ते पाणी धरणाचं नव्हतं, कात्रजच्या डोंगरावरचं होतं. त्याचा विसर्ग कोणी जाहीर करत नाही. रात्री पोरांची जेवणं चालली होती. आधी मोरीतून पाणी उलटं वर आलं. मला वाटलं तुंबलं असेल, मी काठी घालत बसले. तेवढ्यात दारातून लोट आला. सिलिंडर तरंगायला लागला आणि दारावर धडका मारायला लागला, दार आत उघडेना. शेजारच्याने पत्रा काढून पोरांना वर ओढलं. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, ते सकाळी कळलं. त्या रात्री पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली.

पंचनाम्याला आले तेव्हा घरमालकाचं नाव लिहिलं. शिलाई मशीन माझं, गाळ माझ्या गाद्यांत, पण मी भाडेकरू म्हणून कागदावर नाहीच. आता रेशनकार्ड, पोरांचे दाखले पिशवीत बांधून वाशाला टांगलेले असतात, जूनपासून दसऱ्यापर्यंत.

मला पण इथून जायचंय. ओढ्याकाठी राहायची हौस कुणाला असते? फक्त माझी चार घरांची कामं सुटू नयेत.

विसर्ग_निवृत्त
बाई, तुमचं दोनदा वाचलं. भाडेकरूचं नाव नाही, हे चूकच. माणूस कामाशी बांधलेला असतो हेही मान्य. ओढ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. नदीवर आमचं लक्ष असतं, ओढ्यांवर कुणाचंच नसतं. पात्रात भिंती घालून सोसायट्या उभ्या राहिल्या, पाणी गरिबाच्या बाजूने वळलं. तरीही निळ्या रेषेतून लोक निघाले पाहिजेत यावर मी ठाम आहे.

मुठाकाठची
निघू देत ना. पण जून 2021 ला, ऐन पावसात आणि कोरोनात, याच ओढ्याकाठी बुलडोझर आले. कोर्टाने थांबवलं म्हणून थांबले. हे पुनर्वसन नाही. आणि आता 44 किलोमीटर नदीकाठ सुशोभित होतोय. वस्ती उठलेल्या जागी धोका होता म्हणून उठवली असेल, तर तिथे बांधकामही येता कामा नये. हे लिहून मिळेल का?

कोथरूडची_टेकडी
भाड्याने लावण्याबद्दल मी जे लिहिलं त्यावर पुन्हा विचार करतो. पण घरं होईपर्यंत काय? निदान प्रत्येक वस्तीत भोंगा तरी बसवा, कात्रजला पाऊस वाढला की वाजेल असा. त्यासाठी वर्गणी काढायची असेल तर मी देतो.

ओढ्याशेजारी
दादा, भोंगा चांगलाच. पण तो वाजल्यावर जायचं कुठे, ते आधी ठरवा. त्या रात्री आम्ही पोरांना कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाशी गेलो. कुलूप होतं. चावी शिपायाकडे, आणि शिपाई राहायला वारज्याला.