फिरत्या पीडीएफ : तुमचे अनुभव लिहा

दिवाळी अंक स्टॉलवर लागायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. अशा वेळी तुम्ही काय करता? उघडता, पुढे ढकलता, की भांडता? कॉपीराइटची कलमं पाठ असलेल्यांनी जरा दम धरा, आधी अनुभव येऊ द्या.

प्रकाशक, सातारा
आमची आवृत्ती पाचशेची, तीही खपायला वर्षं लागतात. एका कादंबरीचं स्कॅन फिरत फिरत माझ्याच फोनवर आलं. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का, मधे कुणाचा तरी अंगठा, वर मजकूर : 'मराठी वाचवा'! पैसे बुडाले ते बुडाले, पण त्यात शेवटचं प्रकरणच नव्हतं. लोक लेखिकेला फोन करून विचारत होते, शेवट असा अर्धवट का सोडलात?

न्यू जर्सी
कागदी पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त, म्हणून ई-पुस्तकं घेते. विकतच. पण वाचून झालेलं आईला देता येत नाही. २००९मध्ये ॲमेझॉनने ऑरवेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढली होती, हे वाचल्यापासून 'माझं पुस्तक' म्हणवत नाही. आईला सरळ माझा पासवर्ड दिलाय. चोरी म्हणा हवं तर.

एम.ए.चा विद्यार्थी
दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्याचा २०१६चा निकाल आमच्याकडे कशालाही लावतात. तो अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रती चालतात असं सांगणारा होता हो, रहस्यकथांबद्दल नाही.

दृष्टिहीन वाचक
२०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आमची सोय झाली : आम्हाला वाचता येईल अशी प्रत परवानगीशिवाय करता येते. त्यासाठीचा माराकेश करार २०१४मध्ये सगळ्यात आधी भारताने मंजूर केला. कागदावर झकास. पण फिरणाऱ्या पीडीएफ म्हणजे नुसते पानांचे फोटो, मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच सापडत नाही. फोटोतली अक्षरं ओळखणारं ओसीआर जोडाक्षरांवर आपटतं. प्रकाशकाकडे फाइल मागावी तर 'बाहेर फुटेल' म्हणतात. एकाने दिली, ती श्रीलिपीतली : जुना फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणारा. ऐकायला गेलो तर निव्वळ एबीसीडीचा काला. शेवटी बहीण टाइप करते. फुकटे वाचून मोकळे, संशय आमच्यावर.

निवृत्त शिक्षिका
साने गुरुजी १९५०ला गेले. मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क, म्हणजे २०११पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं. मी 'श्यामची आई' ग्रुपवर टाकली तर एका गृहस्थांनी मला कॉपीराइट शिकवला. दुपारी त्यांनीच एका हयात लेखकाचं आत्मचरित्र ढकललं!

प्रकाशक, सातारा
दृष्टिहीन वाचकमित्र, ती कादंबरी हवी आहे का? आमच्याकडेही श्रीलिपीतच आहे, स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा युनिकोडमध्ये करून देतो. लेखिकेला तेवढं विचारून घेतो.

दृष्टिहीन वाचक
कायद्याने विचारायची गरज नाही. पण विचारा. आणि शेवटच्या प्रकरणासकट द्या.