रक्तक्षयाची मोजणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून वगळणे योग्य होते का?

नदीकाठ (धागाकर्ता)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून होत आले आहे आणि त्याची धुरा मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. 2019-21 च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 67.1 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. 2015-16 मध्ये हेच प्रमाण 58.6 टक्के होते. महाराष्ट्रात तर ते 53.8 वरून 68.9 वर गेले. त्यानंतर सहाव्या फेरीतून ही तपासणीच काढली गेली आणि ते काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे सोपवले गेले. बोटातून घेतलेल्या रक्ताने आकडा फुगतो, असे त्याचे कारण दिले जाते. पण पद्धत दोन्ही फेऱ्यांत एकच होती, म्हणजे चूक असलीच तर ती दोन्हीकडे सारखीच असणार आणि मधली वाढ खरीच ठरणार. आकडा अडचणीचा होताच मोजपट्टी बदलावी, हा योगायोग मला पटत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे तुमच्या "सारखीच" या शब्दाशीच माझे भांडण आहे. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचा आपोआप येऊ द्यायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात मूल हात ओढत असते, थेंब येत नाही आणि तपासनीस बोट पिळतो. पिळले की रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन कमी दिसते. किती पिळायचे हे ज्या त्या हातावर आणि त्याला मिळालेल्या प्रशिक्षणावर अवलंबून असते, म्हणून ही चूक प्रत्येक फेरीत आणि प्रत्येक राज्यात वेगळी असू शकते. चार वर्षांत एखाद्या राज्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी वाढते आणि त्याच काळात मुलांचे वजन-उंचीचे आकडे जवळजवळ जागच्या जागी राहतात (महाराष्ट्रात उंची खुंटलेली मुले 34.4 वरून 35.2 टक्के), तेव्हा आधी सुईकडे बघावे, मग ताटाकडे.

2016-18 च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 40.5 टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही शिरेतल्या रक्ताच्याच बाजूने आहेत.

नदीकाठ

तुमच्या 40.5 टक्क्यांत सहा ते अकरा महिन्यांची बाळे नाहीत आणि रक्तक्षय त्या वयातही मोठ्या प्रमाणात आढळतो. अशी तुलना करून सत्तावीस टक्क्यांचा सगळा फरक सुईच्या माथी मारता येणार नाही.

सूक्ष्मदर्शी

वयाचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्याने ही दरी भरून निघत नाही. शिवाय शिरेतल्या रक्ताच्या त्या सर्वेक्षणाने फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि फोलेट व बी-12 ही जीवनसत्त्वे सुद्धा मोजली. रक्त कमी आहे एवढेच कळले, तर आपण सगळ्यांना लोहाच्या गोळ्या वाटत सुटतो. लोहच कमी आहे की आणखी काही, हे बोटाचा थेंब सांगत नाही.

जुनी मुख्यसेविका

मी आदिवासी पट्ट्यात एकवीस वर्षे अंगणवाड्यांची देखरेख केली. बोट टोचायला आया कुरकुरत का होईना, पण तयार होतात. सिरिंज आणि नळी बाहेर काढली, की त्या मूल कडेवर घेऊन आत जातात आणि दार लोटून घेतात. आत कोण जाते, तर जिचे मूल आधीच किरकिरे आणि अशक्त असते, ती सगळ्यात आधी. म्हणजे शिरेतले रक्त मोजायला अचूक असेलही, पण ज्यांचे मोजायला हवे तीच मुले त्यातून निसटतात. या चुकीचा हिशेब सूक्ष्मदर्शी यांनी मांडलेला नाही.

हिशेबनीस

मला या वादाची इतकी मातब्बरी वाटत नाही. पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली साडेसहा लाखांच्या आसपास कुटुंबे घेतली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. त्यातून जिल्ह्याचा कल कळतो, आजारी मूल सापडत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला प्रत्येक मुलाचे वजन होते आणि 2021 पासून ते पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर चढते. तेच नीट करा.

जुनी मुख्यसेविका

ते वजन कसे चढते, ते मी पाहिले आहे. लोंबत्या काट्याच्या झोळीत मूल घातले, की ते पाय झाडते आणि काटा अर्धा-अर्धा किलो हलतो. एका बैठकीत वरिष्ठांनी मला सुनावले होते, "बाई, तुमच्याच बीटात तीव्र कुपोषित इतके कसे?" (बीट म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांचा गट.) पुढच्या महिन्यात तो आकडा निम्मा झाला आणि मुले तीच होती. ज्याच्या कामाचा निकाल त्या आकड्यावर लागणार आहे, त्यानेच ते वजन करायचे, ही खरी गोम आहे. काही वर्षांतून एकदाच का होईना, पण बाहेरचे कोणी येऊन मोजून जाते, म्हणून तरी आमच्या वह्यांतली खोट उघडी पडते.

नदीकाठ

म्हणूनच माझी मागणी नव्या पद्धतीला विरोध करण्याची नाही. एका फेरीत, निवडक घरांमध्ये, त्याच मुलाचे बोटातले आणि शिरेतले रक्त दोन्ही मोजले असते, तर जुने आकडे नव्यात बदलून घेण्याचे सूत्र हाती आले असते आणि दार लोटणाऱ्या आयांची नोंदही झाली असती. "योगायोग" हा शब्द मी मागे घेतो. मात्र त्या सांध्याविना 67.1 च्या पुढे जो आकडा येईल, तो खाली आला तर कशामुळे, हे सूक्ष्मदर्शी यांनाही सांगता येणार नाही.

सूक्ष्मदर्शी

नाही सांगता येणार. पण एकाच तान्ह्या बाळाला दोनदा टोचण्याची परवानगी कोणती नैतिकता समिती देईल, हेही सांगा. हा प्रयोग आधी मोठ्या माणसांवर करावा लागेल आणि तिथे निघालेला फरक मुलांना लागू पडतो की नाही, यावर आपण पुन्हा इथेच भांडू.