मदत हवी आहे : दिवसा चड्डी ओली होणाऱ्या मुलांसाठी शाळेतली सोय (नाशिक)

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वर्गात ठेवायच्या पिशव्या तयार करतोय. प्रत्येकीत दोन चड्ड्या, एक गडद पँट, छोटा नॅपकिन, ओले कपडे ठेवायला झिपची जलरोधक पिशवी. बाहेरून ही सगळी पिशवी साध्या कंपासपेटीच्या पाऊचसारखीच दिसली पाहिजे. वेगळी दिसली की मूल ती उचलतच नाही आणि ओल्या कपड्यांतच बसून राहतं.

शालिमार, मेन रोड किंवा सिडकोत अशी पाऊच शिवून देणारं कुणी माहीत आहे का? आत अस्तर लावलेली, धुता येणारी सुती चड्डी सहा ते आठ वर्षांच्या मापात कुठे मिळेल? बाजारात दिसते ती बहुतेक तान्ह्या बाळांची.

दुसरं, शिक्षकांशी बोलण्याबद्दल. दर दोन-अडीच तासांनी लघवीला पाठवायचं, पण सगळ्यांसमोर नाव न घेता. खूण म्हणून शिक्षकांनी बाकावर ठेवलेलं कार्ड उलटं करणं पुरतं. 'सुट्टीपर्यंत थांब' म्हटलं की मूल रोखून धरायला शिकतं, आणि मग एकदम सुटते. पाणी कमी देणं तर उलटंच पडतं: लघवी दाट होऊन जळजळते. कुणाच्या शाळेने ही कार्डाची पद्धत मान्य केली असेल, तर अर्ज कसा लिहिला ते सांगा.

पालकांना सांगायला बद्धकोष्ठाची सोपी माहितीही हवी आहे. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जळजळ, ताप, खूप तहान किंवा कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञ.