प्रतिसाद: शंखाची जिलबी का होते
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जिऑमेट्री नोड्स (ठोकळे जोडून आकार घडवायची पद्धत) वापरून, त्यातला स्पायरल लावून शंख केला तर जिलबी दिसते, असं वर म्हटलंय. दिसणारच. त्या नोडमध्ये त्रिज्या सारख्या वेगाने वाढते, म्हणजे दोन वेढ्यांतलं अंतर कायम तेवढंच; हा आर्किमिडीजचा स्पायरल. शंखाला लॉगरिदमिक हवा, दर वेढ्याला त्रिज्या ठरावीक पटीने वाढवणारा. नॉटिलस या वेढ्यांचं कवच असलेल्या समुद्री जीवात ही पट साधारण ३. (सुवर्ण गुणोत्तर त्याला लोकांनी उगाच चिकटवलंय.)

तोच स्पायरल नोड वापरायचा, पण सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या १ ठेवा, उंची ०. स्प्लाइन पॅरामीटर नोडचा फॅक्टर (रेषेच्या सुरुवातीला ०, शेवटी १) गुणिले वेढ्यांची संख्या, हा ३ चा घातांक. जो आकडा येईल त्याने सेट पोझिशन नोडमध्ये प्रत्येक बिंदूच्या पोझिशनला गुणा. कर्व्ह रेडियसलाही, गुणण्याआधीच, तोच आकडा द्या (नव्या ब्लेंडरमध्ये तो रेडियस कर्व्ह टू मेशच्या स्केलला जोडावा लागतो), नाहीतर रेषेला जाडी देऊन केलेली नळी शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. टोकदार शंख हवा तर गुणण्याआधी सगळं झेडमध्ये खाली सरकवा, बाकी काही बदलू नका.

हे जमलं की आमच्या नाशिककडच्या द्राक्षवेलीचा तणावा (आधाराला गुंडाळणारा बारीक तंतू) करून बघा. दोन्ही टोकं अडकलेली असतात, म्हणून तो मध्येच पीळ उलटवतो: अर्धा उजवा, अर्धा डावा. डार्विननेही हे नोंदवलंय. मी दोन हेलिक्स (स्प्रिंगसारखे वेढे) करतो, एक आरशातला, आणि मधला जवळजवळ सरळ तुकडा हातानेच जोडतो.