गट-उपचाराला ‘रडारडीचा क्लास’ म्हणणाऱ्यांसाठी

सरस्वतीकाठ (इंदूर): काल ‘पोहेजिलबी’ यांनी लिहिलं की बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत टोकाला नेणारा मनाचा आजार) म्हणजे लाडावलेल्या मुलींचे नखरे, आणि दहा जणांनी गोल बसून दुखणी उगाळायची याला उपचार म्हणणं हीच फसवणूक. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

मी अकरा महिने अशा गटात बसले आहे. तिथे दुखणी उगाळायला बंदीच असते. स्वतःला इजा कशी केली ते गटात सांगायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम, कारण एकीचं ऐकून दुसरीला उबळ येते. लागोपाठ चार दांड्या झाल्या की नाव कमी. बाकी सगळं शाळेसारखं. वही, गृहपाठ आणि रोज भरायचा तक्ता: आज मरावंसं किती वाटलं, ० ते ५, राग किती, लाज किती, शिकलेलं काही वापरलं का. सजग राहणं, कळ सोसणं, भावना आवरणं, माणसांशी बोलणं-वागणं असे चार भाग. एक फेरी २४ आठवड्यांची. मी जवळजवळ दोन केल्या.

भावाने फोन उचलला नाही की मला वाटायचं, यालाही मी नकोशी झाले. मग तासात तीस-चाळीस फोन, मग शिव्या, मग सगळा राग स्वतःवर. आता आधी गार पाण्यात श्वास रोखून तोंड बुडवते. मग वहीत लिहिते: घडलं काय, आणि मी त्याला जोडलं काय. घडलेलं एवढंच असतं की तो पीथमपूरला शिफ्टवर आहे.

या उपचाराला डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) म्हणतात. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती उभी केली. पहिली मोठी चाचणी १९९१ची. त्यात स्वतःला इजा करण्याचे प्रकार नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाले. तरुणपणी आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११मध्ये जाहीर सांगितलं. त्यांनाही नखरेवाली म्हणणार का?

पोहेजिलबी (इंदूर): ताई, तुम्ही नशीबवान. माझी भाची सरकारी ओपीडीत जात होती. डॉक्टर पाच मिनिटं बघणार, चार गोळ्या लिहिणार. गट सुरू झाला तो शिकाऊ मुलीच्या भरवशावर. तीन आठवड्यांत तिची पोस्टिंग बदलली, नवा मुलगा आला, पोरीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ज्या पोरीला ‘मला सोडून जातील’ हीच भीती, तिला तुमचा उपचारच सोडून गेला! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून चालू आहे. आमच्या वाट्याला गोळ्याच आल्या.

सरस्वतीकाठ: आणि याच आजारासाठी बनलेली गोळी तर अस्तित्वातच नाही. मुख्य लक्षणांसाठी औषधं देऊ नका, असं ब्रिटनच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. शिकाऊ मुलांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण मग राग व्यवस्थेवर काढा, भाचीच्या आजाराला नखरे का म्हणता?

दांडियाबाजार (वडोदरा): मला वेगळंच बोलायचंय. आमच्याकडे गट गुजरातीत, कागद इंग्रजीत. दोन्हीत ‘काय वाटतंय’ विचारलं की मी गप्प. मराठीत ओशाळणं वेगळं, लाजणं वेगळं, खजील होणं वेगळं, मनाला लागणं वेगळं. भावनेला नेमकं नाव द्या म्हणतात, आणि नावं ज्या भाषेत आहेत ती दाराबाहेर ठेवायला लावतात. चौथ्या बैठकीनंतर मी गेलो नाही. आपल्या मंडळांकडे गणपतीत ऑर्केस्ट्राला पैसे असतात, ते तक्ते मराठीत करून घ्यायला नसतात का?

लष्करवाली (ग्वाल्हेर): अजिबात पटलं नाही. मराठीत मला कधी खरं बोलताच आलं नाही. मराठी म्हणजे आत्या, काकू, हळदीकुंकू. मी हिंदीत बोलले म्हणून बोलू शकले. ‘मुझे माँ पर गुस्सा है’ हे वाक्य तोंडातून निघालं. ‘आईचा राग येतो’ म्हणताना आजही जीभ अडते. मराठी गट काढलात तर शेजारच्या खुर्चीवर माझ्या नणंदेची मैत्रीण असेल. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा गुप्ततेसाठी डॉक्टरांना बांधतो, त्या मैत्रिणीला नाही.

दांडियाबाजार: म्हणजे नातेवाइकांच्या भीतीपायी मायबोली सोडायची? अशानेच तिसऱ्या पिढीची मराठी संपली.

लष्करवाली: मायबोली वाचवायला मी उपचार घेत नव्हते, जीव वाचवायला घेत होते! आमच्या मानसिक आरोग्यशाळेची अवस्था इतकी वाईट होती की १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर देखरेखीसाठी मानवाधिकार आयोग नेमला. आगरा, रांची आणि आम्ही. त्या नावाची दहशत घरात अजून आहे. वडील मला दार बंद करून म्हणाले, कुणाला कळता कामा नये. तुम्ही भाषेचं काय घेऊन बसलात?

दांडियाबाजार: आवाज चढला माझा, माफ करा. पण ज्यांना मराठीतच रडू येतं त्यांनी कुठे जायचं, ते सांगा.

सरस्वतीकाठ: आमच्या गटात एक रीत होती. शब्द अडला तर आपल्या भाषेत म्हणायचा आणि तो शरीरात कुठे जाणवतो ते दाखवायचं. मी ‘कोंडमारा’ म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. समोरची सिंधी मुलगी म्हणाली, मलाही तिथेच होतं. सगळं नाही सुटलं त्यातून. पण सोबतचे वैयक्तिक सत्र महिन्यात एकदाच मिळायचे, ते खरं तर दर आठवड्याला हवे, आणि रात्री अडचण आली तर फोन करायची सोय नव्हतीच. माझी तक्रार भाषेपेक्षा त्याची जास्त आहे.

पोहेजिलबी: बरं. ‘नखरे’ मागे घेतो. पाच मिनिटांच्या ओपीडीबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही. ती पोर सध्या खोलीबाहेर येत नाही. तुमचा गट अजून चालू आहे का?

सरस्वतीकाठ: आहे. बुधवारी, साडेचार ते सात. पत्ता निरोपात पाठवते. आधी गट चालवणारी बाई भाचीशी एकटीशी बोलेल, मगच गटात घेईल. पहिल्या दोन-तीन वेळा भाची काही बोलणार नाही, मीही बोलले नव्हते. घरी आली की ‘आज काय झालं’ विचारू नका. फक्त चहा द्या.