काळ्या कापडाची करामत

इथल्या चर्चेत एकांनी लिहिलंय की सिनेमातले खरे स्पेशल इफेक्ट्स संगणक आल्यावरच सुरू झाले, दादासाहेब फाळक्यांचं नाव आपण उगाच अभिमानापोटी घेतो. मला नाही पटलं.

फाळके आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून घेतलेल्या नावानं जादूचे प्रयोग करायचे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढायच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली होती. आज मोबाईलवर टाइमलॅप्स म्हणतात ते हेच की!

आणि काळं कापड. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत गणपतीला कालियामर्दनाचा हलता देखावा केला होता. वायपरच्या मोटारीवर नाग डोलायचा, मागे काळ्या कापडापुढं काळे कपडे घातलेलं पोरगं दोरी ओढायचं. दिव्यात ते कुणाला दिसायचंच नाही. (एकदा शिंकलं, तेव्हा दिसलं.) कॅमेऱ्यातही तसंच. काळ्या भागात फिल्म कोरी राहते, मग रीळ मागे फिरवून तिथं दुसरं चित्र घ्यायचं. ग्रीन स्क्रीनचं (हिरव्या पडद्यापुढं चित्रण करून मागे दुसरं चित्र बसवायचं, त्याचं) मूळ इथंच आहे.

अर्थात हे सगळं फाळक्यांनीच शोधलं असंही नाही. पॅरिसचा जादूगार मेलिएस १९०२ मध्येच पडद्यावर चंद्रावर जाऊन आला होता.

पण आपल्या बेळगावकरांना जवळचे म्हणजे कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर. गड्यानं कॅमेराच घरी बनवला! त्यांच्यावर कुणीतरी सविस्तर लिहा बघू.